पातळ प्लेट हवेच्या दाबाने धरायची: व्हीएमसीसाठी व्हॅक्यूम टेबल घडवताना

तीन-चार मिमीची ॲल्युमिनियम प्लेट व्हाइसमध्ये आवळली की मधून फुगते. फेसिंग मारून (वरचा पृष्ठभाग, म्हणजे फेस, सपाट कापून) बाहेर काढली की ती परत सपाट होते आणि मारलेला फेस खड्डा दाखवतो. क्लॅम्प लावले तर कटरच्या वाटेत येतात, मग अर्ध्यात मशीन थांबवून क्लॅम्प हलवावे लागतात आणि त्या हलवाहलवीत माप जातं. पॅनेलच्या पुढच्या प्लेटा, नेमप्लेट, रुंद आणि पातळ कव्हर असं काम ज्यांच्याकडे नियमित येतं, त्यांनी आपल्या व्हीएमसीसाठी (उभ्या स्पिंडलच्या सीएनसी मिलिंग मशीनसाठी) व्हॅक्यूम टेबल, म्हणजे खालून हवा खेचून जॉब धरणारी खाचांची प्लेट, बनवावं असं माझं ठाम मत आहे. वरचा पूर्ण पृष्ठभाग मोकळा मिळतो आणि जॉब (मशीनवर लावलेला तुकडा) बदलायला एक व्हॉल्व्ह फिरवावा लागतो, एवढंच.

नवीन माणसाचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा "पंप कुठला घेऊ?" हा असतो. पंप शेवटी ठरवा. आधी जॉब, मग सीलच्या (जॉबखालच्या रबरी दोरीच्या) आतलं क्षेत्रफळ, मग आडवा जोर, मग प्लेट आणि खाचा, मग गळती. एवढं हातात आलं की पंपाचा आकडा आपोआप समोर येतो.

या लेखात एकच उदाहरण धरून जाऊ: १८० × २५० मिमीची, ६ मिमी जाड ॲल्युमिनियम प्लेट, १० मिमीचा तीन धारांचा कार्बाइड एंडमिल (कडेने कापणारा फिरता कटर) आणि ४०० × ३०० मिमीचं टेबल.

पकड किती मिळणार

व्हॅक्यूम जॉबला खाली ओढत नाही. खालची हवा काढून घेतली की वरचं वातावरण जॉबला दाबतं. म्हणून पकडीची एक कमाल मर्यादा आहे आणि ती कुठलाही पंप ओलांडू शकत नाही. समुद्रसपाटीला ती दर चौरस सेंटीमीटरला १.०३ किलो. पुणे सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे, तिथे ती ०.९७ च्या आसपास येते. मुंबईत ७०० मिमी पारा दाखवणारा पंप पुण्याजवळच्या भोसरीत आणून लावला तर साधारण ६५० दाखवेल. त्यात पंपाचा दोष नाही, वरची हवाच तेवढी कमी आहे. गेजचा आकडा वाचताना आपण किती उंचीवर आहोत हे लक्षात ठेवा.

प्रत्यक्ष हिशेबात मी दर चौरस सेंटीमीटरला ०.८ किलो धरतो. चांगल्या सीलवर हे घाटावरही मिळतं.

आता क्षेत्रफळ. मोजायचं ते सीलच्या आतलं. खाचा कमी जागा व्यापतात म्हणून फक्त खाचांचं क्षेत्रफळ धरावं का, असा प्रश्न येतो. धातूवर धातू बसला तरी मशिनिंगच्या बारीक रेघांमधून हवा खेचली जाते, त्यामुळे सीलच्या आतला जवळजवळ सगळा भाग दाबाखाली येतो. मात्र जॉबला खालून प्लास्टिकची फिल्म चिकटलेली असेल तर ती खाचांमधल्या सपाट भागावर घट्ट बसते आणि तिथे हवा निघत नाही. अशा वेळी खाचांपुरतंच धरा, किंवा फिल्म सोलून टाका.

आपल्या टेबलावर खाचांची जाळी २५ मिमी अंतरावर असेल आणि सीलची दोरी त्या खाचांमधूनच फिरणार. म्हणून १८० × २५० च्या जॉबखाली दोरीची चौकट बसते १५० × २२५ ची. म्हणजे सुमारे ३३७ चौरस सेंमी. गुणिले ०.८ केलं की २७० किलो दाब. ऐकायला भरपूर वाटतं. पण थांबा.

खरी परीक्षा आडव्या जोराची

एंडमिल जॉबला मुख्यतः आडवं ढकलतो. त्याला अडवतं ते घर्षण. ॲल्युमिनियमवर ॲल्युमिनियम, मध्ये थोडं तेल किंवा कूलंट, असं असताना घर्षणांक ०.१५ पेक्षा जास्त धरणं धोक्याचं. २७० चे ०.१५ पट म्हणजे ४० किलो. २७० किलोच्या पकडीतून आडवं रोखायला हाती एवढंच उरतं.

कटरचा जोर काढू. ८००० आरपीएम, फीड (कटर पुढे सरकण्याचा वेग) मिनिटाला १५०० मिमी, खोली २ मिमी, आडवा घास ६ मिमी. मिनिटाला १८ घन सेंमी धातू निघतो. ॲल्युमिनियमसाठी कापण्याचा विशिष्ट जोर ८०० न्यूटन प्रति चौ. मिमी धरला तर लागणारी ताकद होते ०.२४ किलोवॉट. कटरच्या कडेचा वेग मिनिटाला २५१ मीटर, म्हणजे सेकंदाला ४.२ मीटर. २४० भागिले ४.२, म्हणजे सरासरी जोर ५७ न्यूटन, जवळजवळ ६ किलो. पण धार आत शिरताना झटका बसतो, कटर बोथट झाला की जोर वाढतो, कोपऱ्यात घास अचानक मोठा होतो. म्हणून तिप्पट धरा: १८ किलो. आपल्याकडे ४० आहेत. दुपटीहून थोडे जास्त. चालेल, पण यापुढे खोली वाढवायची मोकळीक नाही.

हाच हिशेब ५० × ५० मिमीच्या जॉबला लावून पाहा. २५ चौ. सेंमी, २० किलो दाब, ३ किलो आडवी पकड. तो जॉब उडणार. सीलच्या आत १०० चौ. सेंमी तरी मिळत नसतील तर व्हॅक्यूमचा नाद सोडा. व्हाइस किंवा दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप बरी.

आणखी एक जोर विसरला जातो. हेलिक्स (पीळदार धार) असलेला एंडमिल जॉबला वर उचलतो. ३० अंशांच्या हेलिक्सला १८ किलो आडव्या जोरामागे साधारण १० किलो वरच्या दिशेने. मधोमध हे काहीच नाही. पण दोरीच्या चौकटीबाहेर जॉबची जी कड लोंबते, तिला खालून कुणी धरलेलं नसतं. तिथे पातळ प्लेट थरथरते आणि फिनिश बिघडतो. कडेला काम असेल तर दोरी कडेच्या जितकी जवळ नेता येईल तितकी न्या, आणि शेवटचा पास हलका ठेवा.

प्लेट आणि खाचा

साहित्य म्हणून कास्ट ॲल्युमिनियमची जिग प्लेट सगळ्यात चांगली, कारण तिच्यात आतला ताण कमी असतो आणि खाचा मारल्यावर ती वाकत नाही. नाही मिळाली तर ६०६१ किंवा ६०८२ चालेल. मग मात्र दोन्ही बाजूंनी रफ मारून एक दिवस सोडून द्या आणि नंतर फिनिश करा. जाडी २५ मिमी घ्या. कमी जाडीत बाजूने भोकं मारायला जागा उरत नाही.

आधी खालची बाजू सपाट करा. मग प्लेट बेडवर ठेवून, मागची कड एक्स अक्षाला समांतर आहे की नाही ते डायल लावून बघा आणि बोल्ट कसा. हे बोल्ट प्लेटच्या कडांवर, काउंटरबोअरमध्ये (बोल्टचं डोकं आत बुडेल अशा रुंद भोकात), जाळीच्या बाहेर हवेत. जाळीत आरपार भोक आलं की तिथून हवा शिरते. बोल्ट बेताने कसा, आवळून प्लेटला कमान आणू नका.

बाजूची भोकं वरच्या खाचांआधी मारून घ्या. डाव्या कडेतून ८ मिमीचं ड्रिल, १२० मिमी आत, खाचांच्या तळापासून किमान ५ मिमी खाली. त्याला वरून एका खाचांच्या चौकात ६ मिमीचं उभं भोक मिळवा. अशी तीन स्वतंत्र भोकं काढा, प्रत्येकाच्या तोंडाला टॅप मारून निपल आणि छोटा बॉल व्हॉल्व्ह लावा. तीन भाग वेगळे मिळाले की लहान जॉबसाठी बाकीचे दोन बंद ठेवता येतात. एका लांब भोकातून सगळं खेचण्यापेक्षा हे मला कितीतरी सोयीचं वाटतं.

खाचा ४ मिमी रुंद, ३ मिमी खोल, दोन्ही दिशांना २५ मिमी अंतरावर. रुंद खड्डे करू नका, कारण एक मिमीचा पत्रा रुंद खड्ड्यावर आत दबतो आणि त्या जागी खोलीचं माप चुकतं. ४ मिमीच्या खाचेवर तसं होत नाही.

खाचा झाल्या की शेवटी वरचा फेस त्याच मशीनवर, त्याच बसवणीत हलकेच मारून घ्या. असा फेस मशीनच्या अक्षांना आपोआप समांतर येतो. टेबल काढून परत बसवलं की पुन्हा डायल फिरवा. ०.०२ मिमीच्या आत असेल तर पुढे चला, नाहीतर पुन्हा एक हलका पास. मग खाचांच्या कडांवरची बर (धातूची उठलेली धारदार कड) ऑइल स्टोनने काढा. ही बर राहिली तर जॉबवर ओरखडे पडतात आणि दोरी चिरते.

सीलची दोरी

सुरुवातीला स्पंज रबरची दोरी घ्या, भरीव ओ-रिंग कॉर्ड नको. भरीव नायट्राइल रबर दबायला बराच जोर मागतं. पातळ प्लेट त्याच्यावर टेकून बसते, खाली येतच नाही, आणि व्हॅक्यूम धरतच नाही. ४ मिमीची स्पंज दोरी ३ मिमी खोल खाचेत बसवली की एक मिमी वर राहते आणि हाताच्या दाबानेही जॉब फेसला टेकतो.

मात्र स्पंज बंद छिद्रांचा हवा. उघड्या छिद्रांच्या फोममधून हवा आरपार जाते. ओळखायचं सोपं: एक तुकडा पाण्यात दाबून सोडा. पाणी पिऊन जड झाला तर तो आपल्या कामाचा नाही.

दोरी कापताना टोकं तिरकी कापा आणि जोडाला एक-दोन मिमी जास्तीची ठेवा, म्हणजे टोकं एकमेकांवर दाबून बसतात. गळतीची सर्वांत नेहमीची जागा हा जोडच असतो. दोरी ताणून बसवू नका, ताणलेली दोरी कोपऱ्यातून वर उठते.

स्टॉपर

माझा आग्रह आहे की स्टॉपरशिवाय व्हॅक्यूम टेबलवर कटर लावूच नये. दाब जॉबला खाली धरील. बाजूला सरकणं अडवायचं काम स्टॉपरचं. टेबलाच्या मागच्या कडेला दोन आणि डाव्या कडेला एक, अशा तीन डॉवेल पिना पुरतात. पिनांची भोकं आरपार नेऊ नका. शक्यतो जाळीच्या बाहेर ठेवा. पिनेची उंची जॉबच्या जाडीपेक्षा एक-दोन मिमी कमी हवी, म्हणजे फेसिंग कटर वरून निघून जातो. प्रोग्राम करताना जड पास अशा दिशेने ठेवा की कटर जॉबला पिनांकडे ढकलेल.

पकड वाढवायला काही जण टेबलावर भोकं पाडलेला पातळ रबरी पत्रा अंथरतात. आडवी पकड खूप वाढते हे खरं, पण रबर दबतं आणि उंचीचं माप भरवशाचं राहत नाही. आरपार प्रोफाइल कापायला चालेल, खोलीच्या कामाला नाही.

पाइप, टाकी आणि पंप

टेबलापासून निघालेला पाइप आधी टाकीला जावा, टाकीतून पंपाला. कूलंट आणि बुरा सीलखालून थोडाफार येणारच, तो टाकीत पडायला हवा. टाकीत पाइप बाजूने शिरू द्या, पंपाचा पाइप डोक्यावरून काढा, तळाला ड्रेन कॉक. पाइप आतून तार असलेला सक्शन होज घ्या, साधी नळी चपटी होते. जोडांच्या चुड्यांना (आट्यांना) टेफ्लॉन टेप. टाकी आणि पंपामध्ये नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (हवा उलटी टाकीत येऊ न देणारा).

टाकीबाबत एक गोष्ट गांभीर्याने घ्या. ३० सेंमी व्यासाच्या झाकणावर बाहेरून साडेपाचशे किलोहून जास्त भार येतो. प्लास्टिकचा ड्रम किंवा पत्र्याचा डबा क्षणात चेपतो. कंप्रेसरची चांगल्या अवस्थेतली ३० लिटरची टाकी वापरा. जुना गॅस सिलिंडर कापून, वेल्डिंग करून टाकी बनवण्याच्या भानगडीत पडू नका, आत उरलेला गॅस जीव घेऊ शकतो.

टाकीचा दुसरा फायदा जॉब लावताना कळतो. खाचांमध्ये हवा जेमतेम तीस-चाळीस घन सेंटीमीटर. टाकी आधीच रिकामी केलेली असेल तर व्हॉल्व्ह उघडताच ती हवा एका झटक्यात निघून जाते आणि जॉब टचकन बसतो.

आता पंप. त्याच्या पाटीवर मिनिटाला १०० लिटर लिहिलेलं असतं ते पंपाच्या तोंडाशी असलेल्या दाबाचं. पुण्यात बाहेर ९५० मिलिबारच्या आसपास असतात, आत १५० उरले की शंभर लिटर विरळ हवा म्हणजे बाहेरची अवघी १६ लिटर. तुमची गळती मिनिटाला १६ लिटरच्या वर गेली की काटा खाली येणारच. म्हणून मोठ्या पंपावर पैसे घालण्याआधी गळती बुजवा. एका छोट्या टेबलाला, सील नीट असेल तर, १०० लिटरचा पंप पुष्कळ झाला.

धातूच्या कामाला तेलाचा रोटरी व्हेन पंप योग्य. एसी दुरुस्तीवाल्यांकडचा पंपही लहान टेबलाला चालतो, पण त्याच्या तेलात पाणी गेलं की ते दुधाळ होतं आणि पंप खराब होतो, तेव्हा टाकी अनिवार्य. शॉपमध्ये मोठा कंप्रेसर असेल तर व्हेंचुरी इजेक्टर (दाबलेल्या हवेच्या झोताने व्हॅक्यूम तयार करणारा) हा पर्याय आहे: हलणारा भाग नाही, कूलंटची भीती कमी. पण तो सतत हवा खातो आणि छोटा कंप्रेसर थांबायचं नाव घेत नाही.

लाकूडकामाच्या राउटरवरचा मोठा ब्लोअर पाहून गोंधळू नका. तिथलं गणित वेगळं आहे. एमडीएफच्या शीटमधूनच हवा खेचतात, गळती प्रचंड, दाब फक्त २०० ते ३०० मिलिबार, पण आठ बाय चारच्या शीटला क्षेत्रफळच इतकं असतं की पकड पुरते. तोच ब्लोअर आपल्या १८० × २५० च्या प्लेटला लावला तर पकड पाव ते तृतीयांशावर येईल.

लाइट गेली तर

वीज गेली की फीड थांबते, पण स्पिंडल काही सेकंद फिरत राहतो. तेवढा वेळ जॉब धरून ठेवायचं काम टाकी आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह करतात. त्याहून जास्त वेळा घडतं ते वेगळं: पंपाची ट्रिप पडते किंवा दोरी सुटते, आणि मशीन मात्र चालू. यासाठी व्हॅक्यूम स्विच लावा आणि त्याचा संपर्क मशीनच्या फीड होल्डला (फक्त फीड थांबवणाऱ्या सोयीला) जोडा. थेट स्पिंडल बंद करू नका, फीड चालू असताना स्पिंडल थांबला तर कटर तुटतो. स्विच आणि गेज दोन्ही टेबलाजवळ बसवा. पंपाजवळचा गेज पंपाचीच प्रकृती सांगतो, मध्ये पाइप तुंबला असेल तर तुम्हाला कळणार नाही.

पहिली चाचणी

एक सपाट प्लेट ठेवा, पूर्ण व्हॅक्यूम घ्या, पंप बंद करा आणि घड्याळ लावा. ३० लिटरच्या टाकीत एका मिनिटात काटा ५० मिलिबारने पडला तर गळती झाली मिनिटाला दीड लिटर. उत्तम. ५०० ने पडला तर १५ लिटर, आणि तुमचा पंप कडेलोटावर आहे. साबणाचं पाणी इथे फुगे दाखवत नाही, हवा आत जाते. कान लावा, सुसकारा ऐकू येतो. बोटाने दोरीच्या जोडावर जॉब दाबा, आवाज थांबला तर जागा सापडली.

दुसरी चाचणी मला त्याहून महत्त्वाची वाटते. १०० × १०० ची दोरीची चौकट करा, वर प्लेट ठेवा, स्टॉपर काढा. प्लेटच्या भोकात सामान तोलायचा ताणकाटा अडकवून आडवं ओढा. ८० किलो दाबाखाली ती १२ किलोला सरकली तर घर्षणांक ०.१५. एकदा कोरडी, एकदा कूलंट लावून मोजा. हा तुमच्या टेबलाचा, तुमच्या कूलंटचा आकडा आहे. पुढचा प्रत्येक हिशेब त्यावर करा, माझ्या ०.१५ वर नाही.

आरपार कट आणि वाकडी प्लेट

आरपार कापताना कटर सीलच्या आत शिरला की व्हॅक्यूम संपला. बाहेरचा प्रोफाइल दोरीच्या बाहेरून कापा आणि त्या मार्गाखाली टेबलात दीड-दोन मिमीची खाच आधीच मारून ठेवा. आतली खिडकी कापायची असेल तर तिच्याभोवती दोरीची दुसरी चौकट द्या. हे जमत नसेल तर तळाला ०.१ ते ०.२ मिमीचं कातडं सोडा आणि जॉब काढल्यावर ते ब्लेडने कापून फाइल मारा.

वाकडी प्लेट व्हॅक्यूमवर सपाट दिसते, पण व्हॅक्यूम सोडला की तिचा बाक परत येतो. पहिल्या बाजूला तो बाक शिमने (पातळ पत्र्याच्या पट्ट्यांनी) भरून, कमी व्हॅक्यूमवर, हलके पास मारा. मग पलटून पूर्ण व्हॅक्यूमवर दुसरी बाजू, आणि गरज असेल तर पुन्हा पहिली. प्रत्येक वेळी प्लेट ठेवण्याआधी फेस रबरी वायपरने पुसा आणि तळहात फिरवा. एक चिप खाली राहिली तर सीलही जातं आणि सपाटपणाही.